गाडी पासिंगला गेली आहे

११ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या गाडी जाणार. नाओफुमी दुपारी येतो म्हणाला – हे जेवून वरच्या खोलीत झोपतात तेव्हा. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग उगीच बेसिन घासत बसले.

दुसरा काही मार्ग नाही, कळतं मला. ऑगस्टात हे तोफू आणायला गेले आणि पोलिसांचा फोन आला थेट उत्सुनोमियाहून, शेजारच्या जिल्ह्यातून. पेट्रोल संपलं म्हणून रस्त्याच्या कडेला बसले होते, तोफूचं भांडं मांडीवर घेऊन. सप्टेंबरात शाळेपाशी सायकल चेपली. सायकलवर कोणी नव्हतं. नाओफुमी म्हणाला, "आई, पुढच्या वेळी कोणीतरी असेल."

लायसन्स ह्यांनी स्वतःच्या हातानं परत केलं. चौकीतल्या बाईनं किती कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे किल्ली शोधत होते.

किल्ली मी तांदळाच्या डब्यात लपवली. सापडली. चष्मा सापडत नाही, दात सापडत नाहीत, किल्ली बरोबर सापडते.

१२ ऑक्टोबर, शनिवार

गेली.

नाओफुमीला क्लचची सवय राहिलेली नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद पडली. मी फाटकात उभी, सगळं लक्ष वरच्या खिडकीकडे – उठले तर? पुन्हा सुरू झाली. तो आवाज, डोरोडोरो, डोरोडोरो. किती वर्षं त्या आवाजावर मी गॅसवर सूप चढवत आले. हे कारखान्यातून सुटून कोपऱ्यावर वळले की स्वयंपाकघरात कळायचं. बाकीच्या गाड्या नुसत्या येतात. ही येतेय असं सांगत यायची.

चहाच्या वेळी हे खाली आले. अंगणात गेले, परत आले.

"अगं, गाडी?"

नाओफुमीनं बजावलं होतं, सरळ सांगून टाक, एकदाच काय ते होईल. माझ्या तोंडातून निघालं, "पासिंगला गेलीय."

"हां. दोन वर्षं झाली वाटतं." आणि टीव्ही लावला.

इतकं सोपं गेलं. त्याचीच लाज वाटते.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी विचारलं. दुपारी विचारलं. पासिंग, पासिंग.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज ह्यांच्याबरोबर म्हाताऱ्यांच्या दिवसकेंद्रात थांबले. तिथली मुलगी, मिनोरी, दर गुरुवारी म्हणते, "आजोबा, गाडीची गोष्ट सांगा ना." तिला पाठ झाली असेल एव्हाना. तरी विचारते, गुणी आहे.

हे खुर्चीत ताठ बसतात आणि सुरू करतात. सुबारू, ह्यांच्या कारखान्याच्या गाडीचं नाव, म्हणजे आकाशातल्या कृत्तिका. पाच कंपन्या एकत्र येऊन एक मोठी झाली, म्हणून बिल्ल्यावर सहा तारे – एक मोठा, पाच लहान. युद्धात इथं ओता गावात विमानं व्हायची. हरलो, विमानं बंद. गोदामात बाँबरांची मागची चाकं पडून होती, ती लावून स्कूटर काढली. मग ती छोटी, गोल गोल गाडी, जिला लोक ढालकिडा म्हणायचे – माणसं चार बसायची, गुडघे कानाशी! मग बर्फात वीजवाल्यांना डोंगर चढायचे म्हणून चारही चाकं ओढणारी गाडी.

हे सगळं खरं आहे, मीही शंभरदा ऐकलंय. लग्नाच्या बोलणीतसुद्धा हेच बोलत होते. माझ्या आईला वाटलं, हा मुलगी बघायला आलाय की गाडी विकायला.

आज पुढे म्हणाले, "मी पंखांना रिबिटा मारायचो. सायरन झाला की खंदकात."

ते ह्यांचे वडील. ह्यांचा जन्म युद्ध संपल्यावरचा! मी तोंड उघडलं होतं, मिनोरीनं हळूच नकाराची मान हलवली.

निइगाताकडची एक म्हातारी आहे तिथं. ती म्हणाली, आमच्या घाटात थंडीत तुमचीच गाडी वर यायची, बाकीच्या खाली देवळापाशी सोडून लोक चालत यायचे. हे इतके खूश झाले! पलीकडचा एक म्हातारा म्हणाला, हो, पण पेट्रोल प्यायची बुवा. सगळे हसले. ह्यांनी त्याच्याशी दिवसभर अबोला धरला.

घरी येताना केंद्राच्या गाडीत मला विचारलं, "आपली कधी येणार गं?"

पुढच्या आठवड्यात, म्हटलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

इवासे-सान आले होते. कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये ह्यांच्या शेजारी उभं राहून त्यांनी उभा जन्म काढला. भाजलेले मांजू घेऊन आले, काडीला टोचलेले पिठाचे गोळे, अजून गरम, वरच्या गोड मिसोचा वास घरभर.

बसले नाहीत तोच, "काय हो होसोया, ती लेगसी गाडी विकलीत म्हणे?"

या गावात माणूस मेल्याची बातमी उशिरा पोचते, गाडी विकल्याची आधी. माझ्या हातात चहाचा ट्रे. तो तसाच धरून उभी राहिले.

हे हसले. "विकतोय कशाला! पासिंगला गेलीय. तुम्हाला कोणी सांगितलं?"

इवासे-साननी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मग तेही म्हणाले, हां हां, माझीच काहीतरी गल्लत झाली. आणि दोघं त्या जुन्या हिरव्या रंगावर बोलत बसले – कसा ढगाळ दिवशी तो काळा दिसायचा, आणि ऊन पडलं की गिऱ्हाईक पुन्हा प्रेमात पडायचं.

इवासे-सान जाताना दारात मला म्हणाले, "वहिनी, किती दिवस पुरणार हे?"

मला काय माहीत! आता माझं खोटं दुसऱ्यांनाही बोलावं लागतंय.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज भेटली.

सुपरमार्केटबाहेर सायकल लावत होते आणि समोर ती. नंबर बदललाय, पण मागच्या दाराखालचा ओरखडा मी कुठेही ओळखेन – आमच्याच फाटकाचा आहे. मी जवळ गेले. हात लावणार होते, तेवढ्यात मालक आला. चाळिशीचा, कडेवर लहान मुलगी, दुसऱ्या हातात कांद्याच्या पातीची जुडी. म्हणाला, "काही हवंय का आजी?"

मी म्हटलं, जुनी गाडी दिसली म्हणून बघत होते.

एवढं पुरलं त्याला. बोलतच सुटला. नवी घेण्याची ऐपत आहे हो, पण नव्या गाड्या बोलत नाहीत. ही बोलते. परवा निक्कोच्या घाटातल्या वळणांवर पाऊस होता, रस्ता नुसता निसरडा, पण ही अशी धरून चालली की बायको झोपून गेली. बायको गाडीत कधी झोपत नाही! आणि म्हणाला, "आधीचा मालक कोणी वेडाच असणार. दारांच्या कडासुद्धा आतून पुसलेल्या आहेत. अशा माणसानं विकली कशी, तेच कळत नाही."

मी म्हटलं, "काहीतरी अडचण असेल."

"वारले असतील," तो म्हणाला. सहज. आणि मुलीला सीटवर बांधायला लागला.

मी नाही म्हणाले नाही. का नाही म्हणाले? एक शब्द तर होता. तो पार्किंगबाहेर वळून जाईपर्यंत मी बघत राहिले आणि काय घ्यायला आले होते तेच विसरले. रात्रीच्या जेवणाला मासा नव्हता. ह्यांनी विचारलंही नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

त्या माणसाला सांगायला हवं होतं – आहेत. घरी आहेत. वाट बघतायत.

२४ नोव्हेंबर, रविवार

नाओफुमीशी फोनवर भांडले. म्हटलं, मी आता सांगून टाकणार. तो म्हणाला, मीही तेच म्हणत होतो, तेव्हा तूच पासिंगचं काढलंस. खरं आहे. म्हणून जास्त राग आला.

मग तोच रडवेला झाला. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यानं दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली, सरकत्या दाराची, मुलांसाठी सोयीची. ह्यांनी ती फाटकातून आत येऊ दिली नाही. "तिकडे दोन्र्यूच्या देवळापाशी लाव, आमच्या अंगणात परक्या गाडीला ऊन लागेल." सुनेला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. दर नव्या वर्षाला ती पोरं देवळापासून पिशव्या घेऊन थंडीत चालत यायची. मी दारात उभी राहून हसायची, जणू काही गंमतच आहे. एकदाही म्हटलं नाही ह्यांना, पुरे आता.

आज नाओफुमी म्हणाला, "आई, त्यांची गाडी पोचवून येईपर्यंत मी माझी आपल्या अंगणात लावली होती. पहिल्यांदा. इतकं वाईट वाटलं मला."



काही सांगितलं नाही ह्यांना. धीर झाला नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

अकागी डोंगरावरून वारा सुटलाय, कोरडा, डोळ्यांत माती. अशा वाऱ्यात हे पांढरे हातमोजे घालून अंगण झाडत होते. सगळं अंगण नाही. गाडी लावायचो तेवढाच चौकोन. बाकीची पानं तशीच.

"येईल तेव्हा जागा स्वच्छ असावी," म्हणाले.

मी खराटा हातातून घेतला आणि उरलेलं झाडलं. काय करणार दुसरं?

२९ डिसेंबर, रविवार

हल्ली विचारणं कमी झालंय. त्यानं बरं वाटावं की वाईट, ठरत नाही.

१ जानेवारी, बुधवार



नाओफुमीकडच्यांना थंडी-ताप, ती आली नाहीत. आम्ही दोघंच मोची घातलेलं सूप खाऊन रिले शर्यत बघायला रस्त्यावर गेलो, दरवर्षीसारखे. सगळ्या कंपन्यांची पोरं धावतात. आपल्या कंपनीचा मुलगा आला तशी सगळ्या रस्त्याच्या कागदी झेंड्या फडफडल्या. हेही हलवत होते. मुलगा गेला, मागच्या गाड्या गेल्या, माणसं पांगली. हे झेंडी काडीभोवती गुंडाळत उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"गाडी विकलीत ना."

मी माझीही झेंडी गुंडाळायला लागले.

"नाओफुमीनं त्या दिवशी क्लच जाळलाच असता. वर पडून ऐकत होतो मी. म्हटलं उठून सांगावं, हळू सोड रे. पण उठलो असतो तर तुमची पंचाईत झाली असती."

मी विचारलं, "मग इवासे-सान आले तेव्हा?"

"तुझं तोंड बघवेना." ह्यांनी झेंडी खिशात घातली. "बरोबर केलंत तुम्ही. माझा मलाच भरवसा वाटत नाही आता. फक्त तू सांगायला हवं होतंस गं. इतक्या वर्षांत तू मला कधी खोटं सांगितलं नव्हतंस."

भर रस्त्यात मी वाकून माफी मागितली. हे म्हणाले, "चल, पाय गार पडलेत." घरापर्यंत माझी बाही धरून चालले.

रिकाम्या चौकोनावरून आत आलो. ह्यांनी तिकडे पाहिलं, मान हलवली. तेवढंच.

२ जानेवारी, गुरुवार

किती दिवसांनी गाढ झोप लागली. नाओफुमीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे क्लच ऐकला त्यांनी!" आणि दोघं हसलो. दुसऱ्या पंधरवड्यात येतो म्हणाला. ह्यांना विचारलं, नाओफुमीनं गाडी कुठं लावायची? हे म्हणाले, "अंगणात लावू दे की. रिकामंच आहे."

आता एक शब्दही खोटा बोलणार नाही. काहीही झालं तरी.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी आजच्या सणाची सात पालेभाज्यांची पेज वाढली. दोन घास खाऊन हे म्हणाले, "अगं, गाडी?"

मी हसले. म्हटलं, असं काय करता, विकली ना. तुम्हीच तर म्हणालात.

ह्यांनी वाडगा खाली ठेवला. "कुणी? मला न विचारता?"

अनवाणी अंगणात गेले. त्या चौकोनात उभे राहून रडले, आवाज न करता, दोन्ही हात बाजूला सोडून. मी चपला घेऊन मागे उभी. किती वेळ, माहीत नाही.

दुपारी पुन्हा विचारलं.

पासिंगला गेलीय, म्हटलं.