न पाहिलेल्या पुस्तकाची चांदणी

चोआ चू कांग, सिंगापूर, रविवार

प्रिय मामा,

पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही सगळे ठीक आहोत. अवनीची परीक्षा झाली आणि मी अजून तुआसच्या बंदरावर क्रेन तपासत हिंडते. फोनवर सांगायला गेले असते तर तू मध्येच 'राहू दे गं' म्हणाला असतास आणि मीही खुशाल सुटले असते. म्हणून कागद घेतला. मला त्या चांदणीबद्दल लिहायचं आहे.

तू थॉर्नबीच्या नादी लागलास तेव्हा आई म्हणायची, रिटायर झाल्यापासून निशीला खूळ लागलंय. तू दुरुस्त केलेल्या पुलाच्या दगडावर त्याचं नाव होतं, एवढंच निमित्त. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा इंजिनिअर पूल बांधायचे सोडून एका विसरलेल्या कवीचं चरित्र लिहितो, त्याच्या पुस्तकांची सूची करतो, आणि प्रत्येक पुस्तक पट्टी लावून मोजतो, याचं तुला कोण कौतुक! मग तू थॉर्नबीचीच सूची करायला घेतलीस. पाटबंधारे खात्यात तू दुसऱ्याने घेतलेल्या मापावर कधी सही केली नाहीस, सूचीतही तोच नियम. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या पुस्तकापुढे चांदणी, बाकीच्यांपुढे कोरी जागा.

तरुणपणी थॉर्नबी दोन वर्षं सिंगापुरात धक्का बांधायला होता आणि त्याची पहिली पुस्तिका इथेच छापली गेली. तिची एकच प्रत उरली आहे, तीही इथल्या लायब्ररीत, हे कळल्यावर तू मला किती आर्जवाने लिहिलंस. आधी वेळ ठरवून जायचं, एवढंच काम. मी तीनदा वेळ ठरवली आणि तीनदा रद्द केली. एकदा क्रेन बिघडली होती. दोनदा, खरं सांगते, कंटाळा आला. तू पुन्हा विचारलंस तेव्हा लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी मी जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत बसून तुला वर्णन पाठवलं. हिरवा कापडी पुठ्ठा, अठ्ठेचाळीस पानं. छापखान्यात पानं सोळाच्या फर्म्यात निघतात हे तूच शिकवलं होतंस, त्यावरून ठोकून दिलं. मामा, मी ते पुस्तक पाहिलंच नव्हतं.

आणि तू माझ्यासाठी पहिल्यांदा नियम मोडलास. दुसऱ्याच्या डोळ्यांवर चांदणी दिलीस, खाली छापलंस, 'माझी भाची ऋता हिने प्रत्यक्ष पाहिली.' सूची हातात आली तेव्हा मी ते पान उघडलं आणि लगेच मिटलं. अवनीच्या जुन्या वह्यांमागे ठेवली आहे ती.

मार्चमध्ये मनोहरकाका मुलाकडे पासिर रिसला आले होते. तुमची चाळीस वर्षांची मैत्री, सूचीची प्रुफंही त्यांनीच वाचलेली. त्यांनी हौसेने जाऊन ती पुस्तिका पाहिली. मग भडंगाचा डबा घेऊन, एमआरटीने अख्खं बेट ओलांडून आमच्याकडे जेवायला आले. जेवताना हळूच विषय काढला. पुठ्ठा तपकिरी आहे, पानं बावन्न, आणि शेवटच्या चार पानांवर थॉर्नबीने केलेली पहिली सूची आहे. तुझ्या प्रस्तावनेत तर तो पंचेचाळिशीत सूचीकडे वळला असं लिहिलंय. मी आमटी वाढत म्हटलं, दुसरी प्रत असेल. एकच प्रत आहे हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि थोडा भात मागितला. ते गेल्यावर अवनी म्हणाली, निशीआजोबांना सांगून टाक ना, सो सिंपल लाह. मी तिलाच झापलं.

पुढचं तुला माहीत आहे. त्यांनी तुला चूक कळवली, मला दोष दिला नाही, आणि तू माझी बाजू घेऊन त्यांना वाटेल ते बोललास. मत्सरी म्हणालास. तुमचं संध्याकाळचं फिरायला जाणं बंद झालं. मी मात्र चार महिने गप्प बसले. मनाची समजूत घालत होते, की म्हातारी माणसं भांडतात आणि विसरतात. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

गेल्या आठवड्यात आईने मला मनोहरकाकांनी तुला लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवला, बघ, शेवटी मनोहरनेच माघार घेतली, म्हणून. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आपल्याला रंग नीट कळत नाहीत, पानंही मोजायला चुकलो असू, ऋताचंच बरोबर, असं त्यांनी लिहिलंय. तुझ्यासारखंच ज्या माणसाने जन्मात खोटं माप लिहिलं नाही, त्याने ते माझी अब्रू राखायला लिहिलं. मी ताबडतोब लायब्ररीची वेळ घेतली आणि काल पट्टी घेऊन गेले. पुठ्ठा तपकिरी, पानं बावन्न, शेवटची चार ते म्हणाले तशीच. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. मामा, मनोहरकाकांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. हे पत्र घेऊन आजच त्यांच्याकडे जा. चांदणी राहू दे, पण तिच्याखालचं माझं नाव खोड आणि त्यांचं लिही.

तुझीच, तरीही,
ऋता