पितळी स्क्रू

प्रिय दादा,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. उत्तर लगेच लिहिणार होतो, पण पेन हरवलं. ते आणायला निघालो, तर वाटेत एकाला कपाट जिन्यावर चढवायला हात दिला, आणि त्याच्याकडेच काम लागलं. तू मला भिंगरी म्हणतोस ते काही उगाच नाही. त्याचा सुतारखाना आहे, मी खुर्च्यांना पॉलिश मारतो. मशीनच्या करवतीजवळ जात नाही. मालकाला वाटतं, गडी कामचोर आहे.

खरं सांगू? पत्र वाचून आधी रागच आला. उरलेल्या आठ बोटांनी तू चर्चमध्ये पेटी वाजवायला लागलास, आणि पाळकसाहेब म्हणतात, सूर पूर्वीपेक्षा गोड झालाय. मला तुझा हेवा वाटतो, दादा. पहिल्यापासून. घरच्या सुतारखान्यात आपण दोघं रंधा मारायचो तेव्हा बाबा तुझी फळी डोळ्यापुढे धरून नुसतं 'हं' म्हणायचे, आणि माझी बघून म्हणायचे, हिच्यावरचे डोंगर चढताना दम लागेल. त्या एका 'हं'साठी मी काय वाटेल ते केलं असतं. तुझी बोटं गेली तेव्हा तर मला त्या दुखण्याचाही हेवा वाटला. आई तुला भरवायची, बाबा उशाशी बसायचे, आणि मी दारात उभा. असं कोणाला वाटतं का? मला वाटलं.

इथेही एका चर्चमध्ये जातो. शेवटचा बाक. तो डुगडुगायचा, मी पाचर मारून पक्का केला. पण प्रभुभोजनाची, भाकरीच्या तुकड्यांची थाळी आली की शेजाऱ्याकडे सरकवायची, ही माझी तीन वर्षांची रीत. इथल्या पाळकबाईंच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, कृपा कमवायची नसते रे, घ्यायची असते. मी म्हटलं, मला फुकटचं पचत नाही. मग बस उपाशी, म्हणाल्या, आणि हसल्या. तू डोळे मिटतोस, प्रार्थना करतोस, मोकळा होतोस. माझे नुसते गुडघे दुखतात.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी सारखी वाचतोय. आपल्या मशीनच्या करवतीच्या झाकणाला तीन लोखंडी स्क्रू आणि एक पितळी. बाबा म्हणतात बदल, पण तू राहू दिलायस, आपल्या माणसाची खूण म्हणून. म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुझी बोटं गेली त्या दुपारी तुझ्यापेक्षा भराभर कापून दाखवायचं म्हणून झाकण मीच काढलं होतं. तेवढ्यात रस्त्यावरून सायकलींची शर्यत गेली, मी बघायला धावलो, आणि झाकण लावायचं विसरलो. तुला दवाखान्यात नेलं तेव्हा मागे राहून झाकण लावलं. एक स्क्रू सापडेना, पितळी आवळून दिला. तू बाबांना सांगितलंस, 'माझंच लक्ष नव्हतं.' आणि मी आठवड्यात घर सोडलं. काल थाळी आली, तेव्हा तुकडा उचलला, दादा. घशाखाली उतरता उतरेना, पण उतरला. येत्या शनिवारी घरी येतोय. बाबांना तू काही बोलू नकोस, मीच सांगणार आहे. चांगुलपणात तू कायम माझ्या पुढे. एवढं एक तरी मला तुझ्याआधी करू दे.

तुझाच,
भिंगरी