सदतीस नंबरची पावलं

प्रिय चिमणे,

बावीस वर्षं उशिरा लिहितो आहे, त्याची माफी आधीच मागून ठेवतो, कारण पुढे आणखी मागायची आहे आणि सगळी एकदम मागायला गेलो तर धीर सुटेल. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, समजून घे. पत्ता तुझ्या मावशीने दिला, तोही चार वेळा फोन केल्यावर. फोन नंबर मात्र दिला नाही. म्हणाली, भाऊजी, पत्रच लिहा, म्हणजे पोरीला फाडता तरी येईल.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, डाव्या डोळ्याला सगळं धुरकट दिसतं. हे लिहिता लिहिता दोनदा उठून गॅस बंद आहे ना ते बघून आलो. दोन्ही वेळा बंदच होता.

आपल्या घरामागच्या पठारावर यंदा शहरातून पाच माणसं आली होती, खडकावर कोरलेली जुनी चित्रं नोंदवायला. त्यांच्या मुख्य चष्मेवाल्या बाई. मला म्हणाल्या, काका, चित्रं कुठे कुठे आहेत ते दाखवाल का? मी म्हटलं, डोळे मिटून दाखवतो, तसेही उघडे ठेवून फार दिसत नाही. खूप हसल्या. मग रोजच जायला लागलो. आधी मऊ झाडूने माती काढायची, मग चरांमधला कचरा ब्रशने हलक्या हाताने टिपायचा, मग खडकावर सुतळीने मीटरमीटरचे चौकोन आखायचे आणि एकेक चौकोन कागदावर उतरवायचा. फोटो सकाळी ऊन तिरकं असतानाच काढायचे. दुपारी ऊन डोक्यावर आलं की सावली नाही, चित्र गायब. टेपचं दुसरं टोक धरायला मी. कोणी म्हातारा म्हणून बाजूला बसवलं नाही. शिंगांचा प्राणी, पाय फाकवून उभा माणूस, ती वर्तुळं, सगळ्यांना नंबर मिळाले. छत्तीस झाले.

सदतिसावी सापडली ती पावलांची जोडी. लहान पोरीची, पाच बोटांसकट, पठाराच्या कडेला. बाईंनी चपला काढल्या. त्या पावलांशेजारी अनवाणी बसल्या आणि म्हणाल्या, काका, हजारो वर्षांपूर्वी कोणाला तरी आपल्या लेकराची पावलं दगडात ठेवावीशी वाटली, बघा. त्यांचे डोळे भरून आले होते. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. ती पावलं मी कोरली आहेत, चिमणे. पण माझ्या हातच्या कामासमोर कोणी चपला काढून बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो, आणि अहवाल छापून आला. वरच्या पानावर तीच पावलं.

खाणवाल्यांना उरलेलं पठार हवं आहे, म्हणून सरकारी तपासणीचे साहेब आले. भिंग घेऊन पावलांवर पालथे पडले. चराच्या तळाशी पोलादी छिन्नीचे घाव त्यांनी बोटाने मोजून दाखवले. मला म्हणाले, आजोबा, ही तुमच्यापेक्षा वयाने लहान आहेत. मी तिथेच कबूल केलं, ही माझी, बाकीची नाहीत, बाकीची माझ्या आजोबांच्याही आधीची. तर म्हणाले, एक केलंत, मग छत्तीस कशावरून केली नाहीत? खाणीत सुरुंगाची भोकं पाडत होता ना तुम्ही? छिन्नी चांगली चालत असेल. खाणीचा मुकादम मागे उभा राहून फिदीफिदी हसत होता. बाई माझ्याकडे बघत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त एवढं म्हणाल्या, काका, एकदा तरी सांगायचं होतंत. त्या दिवसापासून टेप धरायला बोलावणं नाही. येत्या वीस तारखेला सुनावणी आहे. चित्रं बनावट ठरली की दुसऱ्या दिवशी यंत्रं वर चढतील.

मला जेवण जात नाही. सकाळी पठारावर जातो, झाडू घेऊन. छत्तीसही झाडून काढतो. कोणी सांगितलेलं नाही.

आता तो खडकावरचा मासा. बाईंच्या यादीत मासा नाही, कारण तो मीच फोडला, हे तुला सांगायला नको. तू अकरा वर्षांची होतीस. मी भोकं पाडायला आलो तर तू त्याच्या शेपटीवर मांडी घालून बसलेली. म्हणालीस, आबा, हा माझा आहे. मुकादम बघत होता, नोकरी नवी होती. मी तुला बखोटीला धरून उचललं आणि खाली ठेवलं. तू रडली नाहीस. पुढे आठ वर्षं घरात राहिलीस, पण माझ्याशी कामापुरतंच बोललीस, आणि मग गेलीस. मी स्वतःला सांगत आलो की पोरगी शिकायला गेली.

मासा फुटला त्या आठवड्यात मी तुझी जुनी चप्पल उचलली. आत बोटांचे ठसे उमटले होते. त्या मापाने, त्याच छिन्नीने, दुपारच्या सुट्टीत ती पावलं कोरली. माशाच्या बदल्यात म्हणून. तुला दाखवायची होती, पण तू मान वर करून बघेनास, आणि मग राहूनच गेलं.

म्हणून लिहितो आहे. तुझी चित्रांची वही. खाण सुरू व्हायच्या वर्षभर आधी, मी अजून गुरं राखत होतो आणि छिन्नी कशी धरतात हेही मला ठाऊक नव्हतं, तेव्हा तू पठारावरची सगळी चित्रं तिच्यात काढलीस, माशासकट. शेवटच्या पानावर तुझ्या शाळेतल्या बाईंची सही आहे, तारखेसकट. त्या आता हयात नाहीत. वहीत छत्तीसही आहेत, आणि पावलं नाहीत. मला खरं ठरवणारं जगात तेवढंच उरलं आहे. घर सोडताना ती तू पेटीत सगळ्यात खाली ठेवलीस, मी दाराआडून पाहिलं. तेव्हा आत यायला हवं होतं. साहेबांनी विचारलं, पावलं कोणाची? म्हटलं, माझ्या लेकीची. ती कुठे असते? मला सांगता आलं नाही. वही पाठव, माझ्यासाठी नको, त्या छत्तिसांसाठी पाठव. टाकून दिली असलीस तर तसं कळव, मी वाट बघत बसणार नाही. फक्त वीस तारखेच्या आत एक ओळ लिही, चिमणे. रागाची असली तरी चालेल.

तुझाच,
आबा