आमच्या शाळेतले दोन आठ

ठाणे, कार्तिक वद्य पंचमी, शके १८०७

रा. रा. त्र्यंबकराव यांस ठाण्याच्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. कल्याणास सर्वांचे ठीक असेल, तुमचा गुडघा सोडून. इकडे मी जिवंत आहे, एवढेच. गेल्या शुक्रवारपासून माझ्या भातावर तूप पडलेले नाही. तूप घरात आहे. बुधली मला दिसते, तिला मी दिसतो. परंतु तुमच्या भगिनी सुमतीबाई माझ्या पानावरून अशा पुढे जातात, जशी मेलगाडी लहान स्टेशनावरून. कोरडा भात खाऊन कोर्टात उभे राहिले की अशील आपल्याकडे करुणेने पाहतो. आणि या सर्वाचे मूळ आहे आमचे हायस्कूल.

बाळ यंदा मॅट्रिकच्या वर्गात आहे हे तुम्ही जाणताच. या वर्गाला शाळा भरण्याआधी अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन जादा तास असतात: गुरुदत्त मास्तरांची वरची भूमिती आणि शास्त्रीबुवांचे वरचे संस्कृत. दोघांनाही आठचीच वेळ हवी. हेडमास्तरांनी (माणूस इतका भिडस्त की फळा पुसायचा तरी खडूची परवानगी घेईल) दोघांच्याही नावापुढे आठ लिहून टाकले. झाले! शास्त्रीबुवा म्हणत, "त्रिकोणावाचून कोणी उपाशी मेला आहे काय?" मास्तर म्हणत, "आणि धातू चालवून कोणाचे घर उभे राहिले, बुवा?" मी शाळेच्या कमिटीवर (गप्प बसता येत नाही, एवढीच माझी लायकी). उठलो आणि बोललो की, हा सारा गोंधळ शाळेत घड्याळ नसल्यामुळे आहे. भिंतीवर एकच घड्याळ लावा आणि सर्वांनी त्याचे ऐका. टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकल्या की माझे काय होते, ते तुम्ही आमच्या सरोजच्या लग्नात पाहिले आहे. घड्याळही मीच देऊन बसलो.

मग कळले की भांडण नुसते तोंडचे होते. मास्तर गाडीने येतात, म्हणून त्यांचे खिशातले घड्याळ रेल्वेच्या, म्हणजे मद्रासच्या वेळेवर. शास्त्रीबुवा चालतात कचेरीच्या टोल्यावर, म्हणजे मुंबईच्या. मद्रासचे आठ अर्धा तास आधी वाजतात. मास्तर शिकवून बाहेर पडत तेव्हा शास्त्रीबुवा आत शिरत, आणि रोज दोघांनाही वाटे की आपण समोरच्याला हुसकावले. पोरांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक. ती शहाणी, म्हणून बोलली नाहीत. मी कमिटीवर, म्हणून बोललो.

आता आठाचा ठोका पडला की दोघेही एकाच दारातून घुसतात. फळ्याच्या उजवीकडे त्रिकोण, डावीकडे भूतकाळ. परवा बाळाने लिहून आणले की त्रिकोणाचे तीन कोन मिळून दोन काटकोन होते, पण फार पूर्वी. अखेर हेडमास्तरांनी फर्मावले की प्रत्येक मुलाने एकच तास निवडावा. पण ज्या तासाला मुलगा गैरहजर, त्या गुरुजींची शिफारस नाही. आणि एकही शिफारस कमी पडली तर परीक्षेला बसणे नाही! बाळ एवढेच म्हणाला, "तात्या, तुम्हाला कोणी विचारलं होतं?" आणि आत बुधली वरच्या फळीवर गेल्याचा आवाज आला.

ठराव मागे घ्यावा, तर माझे भाषण कमिटीच्या दप्तरात आहे आणि घड्याळाखाली माझे नाव तेलरंगात. असो. वडिलांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, गुडघ्यास एरंडेल.

ता. क. सरोजच्या मुहूर्तासाठी तुम्ही उसन्या दिलेल्या लंबकाच्या घड्याळाविषयी तुमची सर्व पत्रे पोहोचली. ते दुरुस्तीस टाकले आहे असे मी लिहीत आलो. त्याला काही झालेले नाही, उत्तम चालते. शाळेत.

आणखी ता. क. तरी सोमवारी शाळेत यावे, "माझे घड्याळ!" म्हणून ओरडावे आणि भिंतीवरून काढून न्यावे. मला चारचौघांत लबाड म्हटले तरी चालेल (एकदाच). घड्याळ गेले की दोघे आपापल्या आठाला येतील, बाळाला दोन्ही तास मिळतील आणि मला तूप.

शेवटचे. घड्याळाला किल्ली देण्याचे काम माझ्याकडे होते. यापुढे दिली जाणार नाही. किल्ली आमच्या गड्याबरोबर, सहदेवाबरोबर, विड्याच्या पानांच्या पुडीत, पाठवली आहे. पाने सुमतीकडून, किल्ली तुमचीच.