रविवारी मी कुठे होते

संगमनेर,
५ डिसेंबर १९४४

चि. नृसिंहास,

अनेक आशीर्वाद. घरी सर्वांची प्रकृती ठीक असेल. तुझी तर आहेच. एवढ्या ठणठणीत रागाचे पत्र आजारी माणसाला लिहवत नाही.

"रविवारी सकाळपासून कुठे उलथली होतीस?" असे विचारतोस. वडील बहिणीसाठी योजलेले क्रियापद वाचून बाबांची आठवण झाली. ते तुला शब्द चालवायला बसवीत आणि तुझी चुकलेली रूपे मी स्वयंपाकघरातून ओरडून सुधारीत असे. असो. ज्या कामासाठी माणूस पाठवलास त्याच्याकडे येतेच. आधी प्रश्नाचे उत्तर.

मी भंडारदऱ्याला गेले होते. मोटारीने.

माझा घरमालक पुंजाराम मोटार भाड्याने चालवतो. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून तिच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडली आहे. अकोल्यापर्यंत बरी धावली. पुढे चढ लागला तशी तिला वैराग्य आले. दर मैलाला पुंजाराम उतरून कोळसे ढवळी आणि आम्ही डोंगर पाहत बसू. खळ्यांवर भाताची झोडणी चालली होती, वर कळसूबाई उन्हात निवांत. इतक्या सावकाश मी जन्मात काही पाहिले नव्हते. गेली तेरा वर्षे जे पाहिले ते चुलीच्या धुरातून.

राजूरच्या अलीकडे घाटात वाऱ्याने माझा डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. मी तो वर घेतला नाही.

शेजारी पुंजारामची आई बायडाबाई होती. तिने टक लावून पाहिले.

"बाई, लई दाट येत्यात की! मंग कापत्यात कशापायी?"

"नवरा गेला म्हणून."

"माजाबी गेलाय. केसांनी कुनाचं घोडं मारलं हुतं?"

एवढी रास्त शंका मला तेरा वर्षांत कुणी विचारली नव्हती. तुझ्याजवळ उत्तर असेल तर उलट टपाली कळव. शास्त्रवचने नकोत, ती मला तुझ्याहून जास्त पाठ आहेत.

तर होय, तू ऐकलेस ते खरे आहे. चैत्रापासून मी डोक्याला वस्तरा लावू दिलेला नाही. चार बोटे वाढले आहेत. निम्मे पांढरे आहेत, पण माझे आहेत.

शनिवारी तुझे कार्ड आले: 'रविवारी गोरक्षनाथ न्हाव्यास पाठवतो, बाबांच्या श्राद्धाआधी उरकून घे.' ते वाचले आणि पुंजारामला म्हटले, सकाळी मोटार काढ. पळाले, असे समज हवे तर. पहिले दोन मैल मलाही तसेच वाटत होते.

दिवेलागणीला परतले तर गोरक्षनाथ मांडीवर धोकटी घेऊन ओट्यावर बसलेला. बिचारा दिवसभर तिथेच.

"अक्का, आता मालकास्नी काय सांगू?"

"सांग, बाई घरी भेटली आणि नको म्हणाली."

पिठले-भाकरी खाऊन गेला. निरोप मात्र त्याने वाटेतच गिळलेला दिसतो. म्हणून तर तू अजून मी कुठे होते ते विचारतोस. तेव्हा मीच लिहिते: नको.

केस ठेवायचे असतील तर श्राद्धाला उंबरठा चढू नकोस, अशा बाईच्या हातचे ब्राह्मण जेवणार नाहीत, असे तू बजावतोस. नृसिंहा, मी येणार आहे. दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने, केसांसह. स्वयंपाक करू दिलास तर नेहमीसारखा करीन. नाही तर ओसरीवर बसेन. बाबा माझेही होते. दार लावायचेच झाले तर तू स्वतः ये आणि माझ्या तोंडावर लाव. त्यासाठी माणूस पाठवू नकोस.

आणि इथून पुढे पाकिटावर माझ्या नावाआधी 'गंगाभागीरथी' घालू नकोस. मी विधवा आहे हे मला ठाऊक आहे, पोस्टमनला दर वेळी कळवण्याचे कारण नाही. नुसते नाव लिही. पत्र पोहोचते.

तुझी अक्का,
नीलांबरी