चहात बुडवलेली भाकरी

आबा,

शेवटच्या वर्षी तुम्ही भाकरी चहात बुडवून खायला लागलात तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. "म्हातारपणी डोहाळे लागल्यात यांना," असं आई म्हणायची आणि तुम्ही मान न उचलता म्हणायचात, "व्हय, लई ग्वाड लागतिया." कोरडा घास उतरत नाही, हे तुम्ही कुणाला कळू दिलं नाहीत. दवाखान्यात नेलं तोवर चहासुद्धा उतरेनासा झाला होता.

माझं वेळेवर सापडलं. अन्ननलिकेतला कर्करोगाच्या वाटेवर लागलेला भाग डॉक्टरीणबाईंनी तोंडातून दुर्बीण घालून सोलून काढला, वरून एक टाका नाही. पण ती जखम भरताना नळी आवळत जाते म्हणे. तसं होऊ नये म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि खायला नुसती पेज. आबा, त्या गोळ्यांनी अशी भूक लागते की मला गोठ्यातली वैरणही बरी दिसायला लागली. त्यात आपल्या भुकूम गावची रीत तुम्हाला ठाऊक आहे, आजाऱ्याकडे कुणी रिकाम्या हाताने येत नाही. कुणी लाडू आणले, कुणी कोंबडीचा रस्सा. मी वास घ्यायचो आणि आणणारे माझ्यासमोर बसून ते संपवायचे. गोळ्यांनी माझं तोंड सुजून गोल झालं, तर म्हणायचे, "तब्येत सुधारली की!" वरच्या खोलीतल्या आयटीवाल्या भाडेकरूने स्टेरॉइडचं ऐकलं आणि विचारलं, "काका, जिम कुठली लावली?"

पुढे मऊ भात सुरू झाला, मग भाकरीची परवानगी मिळाली, आणि पहिलाच घास छातीत अडकला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "अडकलं तर लगेच या, अंगावर काढू नका." मी काय करावं? चहा मागवला, भाकरी बुडवली आणि बायकोला म्हणालो, "लई ग्वाड लागतिया."

तिने कप काढूनच घेतला. "सासऱ्यांचं बघितलंय म्या या डोळ्यांनी. उठा, गाडी काढा. न्हाईतर तुमच्या भनीला बोलावते."

ताईचं तोंड तुम्हाला माहीत आहे. मी मुकाट चपला घातल्या. बाईंनी आत फुगा फुगवून नळी रुंद केली आणि वर इतकं झापलं की फुगा परवडला. फुग्यासाठी आणखीही खेटे झाले.

आज दुपारी कोरडी भाकरी खाल्ली. "कुत्रं लागलंय का मागं? चावून खा," असं तुम्ही खेकसायचात, तशी चावून. सरळ खाली गेली, आबा. तुम्ही वेळेवर तोंड उघडलं असतंत तर तुमचीही गेली असती. फार राग आला तुमचा, आणि तुम्ही शेजारी जेवायला हवे होतात असंही वाटलं.

हे पत्र गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवतो, दुसरीकडे कुठे टाकणार? जेवताना माझे डोळे का वाहतायत, असं बायकोने विचारलं. "ठेचा तिखट हाय," म्हणालो.

ताटात ठेचा नव्हता.