काकांचे पाच तारे

तीर्थस्वरूप काकांना वाकून नमस्कार (खुर्चीत बसूनच लिहितेय, वाकले असं समजावं). तुमचा गुडघा आणि काकूंचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे मी ठीक, म्हणजे नोकरी अजून आहे.

पत्राचं कारण म्हणजे तुम्ही केलेलं कौतुक. दातांच्या दवाखान्यांसाठी आमच्या कंपनीने केलेलं सॉफ्टवेअर बाजारात जाण्याआधी एखाद्या खऱ्या दवाखान्यात महिनाभर वापरून बघायचं होतं. मी भाबडेपणाने तुमचा दवाखाना सुचवला. सॉफ्टवेअरमध्ये त्रेसष्ट चुका आहेत हे मला माहीत होतं, कारण त्या मीच शोधल्या (माझं काम तेवढंच, दुरुस्त करणारे वेगळे, आणि ते कायम चहाला गेलेले असतात). बासष्ट चालवून घेता येतील, पण एक अशी की पेशंटची नोंद दुसऱ्यांदा उघडली की डावी दाढ उजवी होते. साहेबांना हे पाच वेळा सांगितलं. (ऑफिसात त्यांना ‘होऊन जाईल’ म्हणतात, त्यांच्या तोंडून दुसरं उत्तर कोणी ऐकलेलं नाही.) त्यांच्या मते वापरणाऱ्याने तक्रार केली तरच ती चूक, एरवी माझी कुरकुर.

आणि तुम्ही दिलेत पाच तारे! वर ‘पुतणीचं काम, प्रश्नच नाही’ हा शेरा. मी धावत दवाखान्यात आले, तर कॉम्प्युटरवर काकूंनी विणलेला रुमाल, आणि तुम्ही आपले जुन्या वहीत बघून दाढ उपटताय! “अगं, त्यातही लिहितो की रोज दोन ओळी, तुला बरं वाटावं म्हणून,” म्हणालात. काका, तुमच्या मायेपुढे मी हात टेकले. तुमचा शेरा आता जाहिरातीत छापलाय आणि सोमवारी हे प्रकरण दोनशे दवाखान्यांत जाणार आहे. तिथे वही नसेल. कुणाची तरी धडधाकट दाढ जाईल, या विचाराने मला घास गिळवत नाही.

बाकी सगळं छान. काकूंना नमस्कार.

तुमची (अजूनपर्यंत) लाडकी पुतणी

ता. क. शुक्रवारी चारच्या आत एक सणसणीत तक्रार पाठवा. तुम्हाला वाईट बोलता येत नाही, म्हणून मजकूर सोबत जोडलाय, नुसता उतरवून काढा. ‘भिकार’ हा शब्द गाळू नका.

आणखी एक ता. क. “मग हीच का नाही अडवत?” असं काकू विचारतील. ‘सर्व तपासले, योग्य आहे’ या कागदावर सही माझीच लागते, आणि ती मी काल करून बसले. साहेबांनी पेन पुढे केलं आणि मी घाबरले, काका. खाली तारीखसुद्धा सुवाच्य अक्षरात घातली.